चालत्या मशीनवर नवा प्रोग्राम चढवायचा की नाही?

मुळाकाठ

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंट्रोलरमुळे इचलकरंजीतल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसची रंगाची अख्खी बॅच वाया गेली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ग्राहकाकडे जाणाऱ्या मशीनवर बाहेरून प्रोग्राम लोड करून चालवायची सोय असूच नये. आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करून घेणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि आपला कोड मिळून एकच इमेज, म्हणजे चिपवर जशीच्या तशी लिहायची एक फाइल, बनवा, चिपच्या फ्लॅश मेमरीत लिहा, विषय संपला.

झालं ते असं. रंग सोडणाऱ्या पंपांचा कंट्रोलर, एसटीएम३२एफ४०७ या चिपवर फ्रीआरटीओएस ही आरटीओएस. तिला स्वतःचा लोडर, म्हणजे बाहेरचा प्रोग्राम मेमरीत चढवणारा कोड, नाही, म्हणून आम्ही लिहिला: एसडी कार्डावरची एल्फ फाइल (कंपाइल केलेला प्रोग्राम) वाचायची, हीपमधून (मागू तशी मेमरी देणाऱ्या साठ्यातून) जागा घ्यायची, पत्ते जुळवायचे, टास्क सुरू करायचा. प्रत्येक ग्राहकाची रंगाईची पद्धत वेगळी, ती एका छोट्या मॉड्यूलमध्ये. ऑफिसात महिनाभर बिनतक्रार चाललं. तिकडे पहिल्याच रात्री हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरच अडकला. वॉचडॉग (अडकलेली चिप आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेट करतोय, लोडर तेच मॉड्यूल पुन्हा चढवतोय, पुन्हा फॉल्ट. पंप अर्ध्यात थांबले, कापडावर पट्टे आले.

कारण सापडायला चार दिवस लागले. या चिपवर ६४ केबी सीसीएम रॅम आहे आणि ती फक्त डेटा बसला जोडलेली आहे, कोड उचलायच्या बसला नाही. तिथे कोड ठेवता येतो, पण चालवता येत नाही. आमची हीप दोन तुकड्यांत होती आणि ती खालच्या पत्त्यापासून जागा शोधत जाते, म्हणजे आधी सीसीएम. ऑफिसातल्या मशीनला चार पंप, त्यांचे स्टॅक आणि बफर यांनीच सीसीएम भरून जायची आणि मॉड्यूल साध्या रॅममध्ये पडायचं. ग्राहकाच्या मशीनला पंप दोनच. सीसीएममध्ये जागा उरली आणि मॉड्यूल तिथे जाऊन बसलं.

हेच काम लिंकरने (इमेज बनवताना कोडचे तुकडे जोडून पत्ते ठरवणाऱ्या प्रोग्रामने) केलं असतं तर कुठलं फंक्शन कुठे बसलंय ते मॅप फाइलमध्ये माल निघायच्या आधी दिसलं असतं. आणि रंगाईची पद्धत हा मुळात डेटा आहे: किती लिटर, किती मिनिटं, किती तापमान. त्याचा तक्ता करा, कोड कशाला?

कातळ

नुकसानीचं वाईट वाटलं, पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. त्याच चिपवर डीएमएचा (सीपीयूला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या यंत्रणेचा) बफर सीसीएममध्ये ठेवून बघा, डीएमए तिथे पोहोचतच नाही. म्हणून कुणी डीएमए वापरायचं सोडलं का? कोडसाठी मेमरीचा वेगळा राखीव साठा हवा होता, तो तुम्ही ठेवला नाही. एवढीच चूक.

मी व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसवर बारा वर्षं काढली. शेलवर (आज्ञा टाइप करायच्या जागी) एलडी ही आज्ञा देऊन मॉड्यूल चढवायचं, एसपी देऊन फंक्शनच्या नावाने टास्क सोडायचा, चुकलं तर उतरवून पुन्हा. ड्रायव्हरमधली एक ओळ बदलली म्हणून अख्खी सिस्टीम रीबूट करायची वेळ येत नाही. आणि नासाचं मार्स पाथफाइंडर यान? १९९७ मध्ये मंगळावर उतरल्यावर प्रायॉरिटी इन्व्हर्जनमुळे (कमी महत्त्वाच्या टास्कपायी महत्त्वाचा टास्क अडकल्यामुळे) ते सारखं रीसेट व्हायचं. व्हीएक्सवर्क्सचा शेल यानावर ठेवलेला होता, म्हणून इथून छोटा प्रोग्राम पाठवून म्यूटेक्सची (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणाऱ्या कुलपाची) सेटिंग बदलता आली. बंद इमेज असती तर काय केलं असतं?

शरयू

कातळ, ही गोष्ट अशीच सांगितली जाते, पण ती दुरुस्त करायला हवी. यानाच्या सॉफ्टवेअर टीमचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर स्वतः लिहिलंय की शेल यानावर होता, पण दुरुस्तीसाठी तो वापरला नाही. आधी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून पाहिला. मग जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमधला फरक तेवढा वर पाठवला आणि यानावरच्या खास कोडने भरपूर पडताळणी करून तो बसवला. बदलायची सोय होती, आणि ती असायलाच हवी. पण कुणीही यावं आणि मॉड्यूल चढवावं, अशी ती नव्हती.

हे यान चालवणाऱ्या नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्याच जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षित कोडसाठी दहा नियम मांडले. त्यातला एक: सुरुवातीची मांडणी झाल्यावर नव्याने मेमरी मागायची नाही. चालत्या मशीनवरचा लोडर नेमकं तेच करतो.

ओढा

"एकच इमेज, विषय संपला" हे फील्डवर इतकं सोपं नाही हो. त्याच एफ४०७ च्या फ्लॅशचे मोठे सेक्टर (एका वेळी पुसायचे तुकडे) १२८ केबीचे. एक पुसायला एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून कोड उचलणारा सीपीयू जागीच अडकतो. म्हणजे चार ओळींच्या बदलासाठी मशीन थांबवा, इमेज लिहा, सगळं पुन्हा तपासा. आणि बारा ग्राहकांच्या बारा इमेज कोण सांभाळणार? दोन वर्षांनी कुणाकडे कुठली आहे हे शोधायला मीच जातो.

माझं आताचं काम शेतातल्या बॅटरीवरच्या सेन्सरांचं आहे. रेडिओवरून अख्खी इमेज पाठवली की बॅटरीचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा. कॉन्टिकी ही अशा सेन्सरांची ऑपरेटिंग सिस्टीम करणाऱ्यांनी याच अडचणीपायी नोडवरच एल्फ मॉड्यूल लिंक करून दाखवलं, तेही २००६ मध्येच. नटएक्स या आरटीओएसमध्ये एनएक्सफ्लॅट हा प्रोग्राम-फाइलचा प्रकार आहे: कोड फ्लॅशमध्ये जागच्या जागी चालतो, रॅममध्ये फक्त डेटा. झेफिर या दुसऱ्या आरटीओएसने २०२३ मध्ये ३.५ आवृत्तीत लोड करता येणारी एक्स्टेन्शन्स आणली. गरज नसती तर एवढ्या लोकांनी हे केलं असतं का?

मुळाकाठ

कातळ, वेगळ्या राखीव साठ्याने ही चूक टळली असती, मान्य. पण ती एकटी नव्हती.

पहिली अडचण उडीची. या चिपवर फ्लॅश आणि रॅम यांच्या पत्त्यांत ३८४ एमबीचं अंतर आहे आणि थंब या चिपच्या आज्ञासंचातली बीएल उडी (फंक्शन बोलवायची आज्ञा) जाते १६ एमबीपर्यंत. रॅममधल्या मॉड्यूलने फ्लॅशमधल्या कर्नलचं फंक्शन बोलवायचं तर मध्ये एक छोटा पूल बांधावा लागतो. आमच्या पहिल्या लोडरने तो न बांधता अंतर कापून बसवलं आणि उडी भलतीकडेच गेली. मग थंब बिट: फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ ठेवायला विसरलं की फॉल्ट. लिंकर हे दोन्ही गेली कित्येक वर्षं न चुकता करतोय. पुढच्या बोर्डावर कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर आला, तिथे लोड केलेला कोड डेटा कॅशमध्येच (सीपीयूजवळच्या तात्पुरत्या साठ्यात) राहिला आणि सीपीयूने मेमरीतला जुना कचरा उचलला. तेही दर वेळी नाही, मधूनच. हे शोधताना माझी झोप उडाली होती.

चौघांनी चार महिन्यांत लिहिलेला लोडर मी ग्राहकाच्या मशीनवर का उभा करावा?

कातळ

तो स्वतः लिहायचाच नव्हता. झेफिर आणि नटएक्समध्ये या सगळ्या खाचाखोचा पार करून बसलेला लोडर आहे, तो घ्यायचा.

आणि तक्त्याचं सांगू का? आज लिटर आणि मिनिटं. उद्या ग्राहक म्हणेल, पीएच ११ च्या वर गेला की सोडा थांबवा. आलं जर-तर. परवा म्हणेल, रंग बसेपर्यंत तीच पायरी पुन्हा करा. आला लूप. दोन वर्षांत तुमचा तक्ता म्हणजे तुम्हीच बनवलेली एक भाषा होईल, जिला ना कंपायलर ना डिबगर. मी असा एक तक्ता सांभाळलाय. त्यातली एक चूक शोधायला आठवडा गेला होता, कारण चूक तक्त्यात आहे की तक्ता वाचणाऱ्या कोडमध्ये, हेच कळत नव्हतं.

शरयू

तक्त्याबद्दल कातळशी सहमत. पण लोड करायचंच असेल तर बूटच्या वेळी, पंप सुरू व्हायच्या आधी, एकदाच. मॉड्यूलची डिजिटल सही तपासून. फंक्शनची सगळी नावं तेव्हाच जुळवून घ्या. पहिल्या कॉलच्या वेळी नाव शोधणारं लेझी बाइंडिंग रिअल-टाइममध्ये चालणारच नाही, त्या एका कॉलला किती वेळ लागेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मॉड्यूल मध्येच उतरवूही नका, मेमरीत भोकं पडत जातात. एमपीयूने (मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावता येईल ते बांधून देणाऱ्या हार्डवेअरने) त्याच्याभोवती कुंपण घाला.

मुळाकाठ, तुमच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे की रीसेटनंतर लोडरने तेच मॉड्यूल परत चढवलं.

मुळाकाठ

तो दोष माझा, शरयूताई. आता मॉड्यूल किती वेळा पडलं ते बॅकअप रजिस्टरमध्ये, म्हणजे रीसेटनंतरही टिकणाऱ्या जागेत, मोजतो. दोनदा पडलं की मॉड्यूल चढतच नाही, पंप बंद, लाल दिवा. मॉड्यूलसाठी चिपवरची १६ केबीची दुसरी एसरॅम (साधी रॅम) राखून ठेवली आहे, हीपचा तिच्याशी संबंध नाही. तरीही पुढच्या उत्पादनात मला लोडर नकोच आहे. त्या रात्री मशीनवरच्या ऑपरेटरचा फोन आला होता, "साहेब, माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?" तो बिचारा चार तास तेच शोधत होता.

ओढा

ऑफिसात दोन पंपांचं मशीन ठेवलंत का आता?

मुळाकाठ

ठेवलंय. एका पंपाचंही.