माझा कौल माद्रिदला

स्पेनमध्ये माद्रिद पाहावं की बार्सिलोना, या प्रश्नावर बार्सिलोनाला समुद्र आहे, वास्तुविशारद गाउदीच्या इमारती आहेत, मग माद्रिदला कशाला जायचं, असा सूर बहुतेकांनी लावला आहे. गाउदीबद्दल वादच नाही. १८८२ साली काम सुरू झालेल्या साग्रादा फामिलिया या त्याच्या चर्चमध्ये रंगीत काचांतून ऊन आत उतरतं तेव्हा माणूस बोलायचं विसरतो. नगररचनाकार सेर्दाने १८५९ मध्ये आखलेल्या नव्या वस्तीतले कोपरे छाटलेले चौकही मला फार आवडतात.

तरीही मी माद्रिदच्याच बाजूने, आणि कारण एकच: चित्रं! प्रादो, रेइना सोफिया आणि थिसेन ही तिन्ही संग्रहालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्रादोत वेलास्केझचं 'लास मेनिनास' आहे. तिथेच गोयाची 'काळी चित्रं' आहेत, जी मुळात त्याच्या घराच्या भिंतींवर होती आणि नंतर कॅनव्हासवर उतरवली गेली. कोणाला दाखवण्यासाठी काढलेली नसावीत अशी ती वाटतात, म्हणूनच अंगावर येतात. मग रेइना सोफियात पिकासोचं 'गेर्निका'. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद! पुस्तकातल्या छापील चित्रावरून त्याची कल्पनाच येत नाही. प्रादो आणि रेइना सोफियात ठरावीक वेळी प्रवेश मोफत असतो, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई करू नका.

सोबत लहान मुलं असतील तर मात्र बार्सिलोनाच घ्या. २००८ पासून दोन्ही शहरांमध्ये वेगवान रेल्वे आहे, साधारण अडीच-तीन तासांची. जमलं तर परतीचं विमान दुसऱ्या शहरातून काढा.