सेवा कधी सुरू करायची?

‘आधी स्वतःचं बस्तान बसवा, मग वेळ उरला तर सेवा,’ असं या चर्चेत एका भावांनी लिहिलंय. मला ते मुळीच पटत नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेलं, इंग्लंड-अमेरिकेत नाव झालेलं. व्याख्यानं देत मानानं आयुष्य काढता आलं असतं. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या, आजारी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे रमाबाईंनीच उभ्या केलेल्या आश्रमात, त्यांना नुसतं जेवूखाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली, अंध मुलींना ब्रेलही. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेल्या बायबलचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) तिथल्याच बायकांनी जुळवले! आणि हे सगळं करणारी बाई तरुणपणीच विधवा झालेली, पदरी एक मुलगी. बस्तान बसायची वाट त्यांनी पाहिली नाही.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल दुसऱ्यांचंही हित पाहा म्हणतो, तेही तुरुंगातून. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) लोकांकडे धुणीभांडी करणारी एक ताई उपासनेनंतर अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे जाते, त्यांना अंघोळ घालते, वेणी घालते. भाऊ, तुमच्याही मंडळीत अशी कुणी असेलच. येत्या रविवारी तिच्यासोबत जा.