इंग्रजीचं स्पेलिंग एकदाचं सोपं काहून करत नाहीत हे लोक?

कपाशीवाला, दारव्हा:
पोट्टा सहावीत हाय, सेमीत. रोज जेवणं झाले का आमी दोघं ओसरीवर स्पेलिंग घेऊन बसतो. तो मान हलवत सुरू होते, "के एन आय एफ ई नाईफ, नाईफ म्हणजे चाकू", आन् कागदावर लिहाले सांगितलं का डायरेक्ट एन पासून. बुधवारचं त्यानं आपलं जमवलं, मनात वेद-नेस-डे म्हणते आन् बरोबर लिहिते, पण साऱ्याच शब्दाले असा जुगाड कुठून आणू. काल मले म्हणे, बाबा के वाचाचाच नाही तं ठेवला काहून? टफ, दो, थ्रू, कफ, चारहीत तेच ओ यू जी एच आन् चारहीचं म्हणणं वेगळं. साऱ्या जगाले शिकाले लावता तं एकदा बसून नीट करून टाका न. कोणी प्रयत्न केला का आजवर? माहीत असन त्यानं सांगा जी.

झेडपी मास्तर:
पोराला रागावू नका, प्रश्न बरोबर आहे त्याचा. तो के आधी खरंच म्हणत होते, क्नीफ असं काहीसं. १४७६ ला कॅक्सटननं इंग्लंडात छापखाना टाकला, पुढं हळूहळू छापलेलं स्पेलिंग पक्कं होत गेलं आणि बोलणं मात्र बदलतच राहिलं, स्वर तर पार इकडचे तिकडे झाले. पण सगळंच जुनं आहे असंही नाही, काही मुद्दाम घुसवलेलं आहे. डेट म्हणजे कर्ज, डी ई बी टी. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, मागून विद्वानांना लॅटिनमधला शब्द आठवला आणि त्यांनी बी टाकला. (आपल्याकडं बी घेतल्यावर कर्ज होते, तिकडं कर्जात मागून बी पेरलं.) आयलंडमधला एस पण असाच फुकटचा.

एमपीएससीवाली, पुसद:
प्रयत्न ढिगानं झाले दादा. बेंजामिन फ्रँकलिन १७६८ लाच नवीन अक्षरं काढून बसला होता, कोणी विचारलं नाही. वेबस्टरचं थोडं चाललं, कलरमधला यू त्यानं काढला, १८२८ च्या त्याच्या डिक्शनरीनं अमेरिकेत ते पक्कं झालं, पण त्यानंच टंगचं स्पेलिंग टी यू एन जी सुचवलं ते लोकांनी नाहीच घेतलं. भारी किस्सा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा, रूझवेल्टचा, थिओडोर बरं, दुसरा नाही. कार्नेगी नावाच्या बड्या उद्योगपतीच्या पैशातून १९०६ ला स्पेलिंग सोपं करायचं एक मंडळ निघालं, त्यांनी ३०० शब्दांची यादी केली आणि ऑगस्टमध्ये साहेबांनी सरकारी छापखान्याला सरळ ऑर्डरच दिली की असंच छापा. पेपरवाल्यांनी अशी खेचली म्हणता, आणि डिसेंबरात तिथल्या संसदेनं जुनंच छापायला लावलं. शिकागो ट्रिब्यून पेपर १९३४ पासून थ्रू नुसतं टी एच आर यू असं छापत होता, १९७५ ला त्यांनी पण सोडलं.

बांधावरून:
बोलल्यासारखं लिहा म्हणनं सोपं हाय भाऊ, पण कोनाच्या बोलन्यासारखं? तुमी घरी डोळा म्हनता का डोया? पोट्ट्यानं पेपरात "मले केयं पाह्यजे" लिहिलं तं मास्तर लाल पेन फिरवते का नाही, इथंच हायेत, सांगा जी. मराठीत असं ठरलं तं पुन्याचं चालन, आपलं नाही. तिकडं पन तेच, लंडनवाला कारमधला आर गिळते, अमेरिकेवाला जीभ वळवून म्हनते, स्कॉटलंडवाल्याचं तिसरंच. आता जे स्पेलिंग हाय ते कोनाच्याच बोलन्यासारखं नाही म्हून भांडन नाही.

झेडपी मास्तर:
फिरवतो, फिरवावाच लागतो. पण आपण केलंय बरं का हे. १९६२ च्या नियमांनी न म्हणायचे अनुस्वार काढले, आधी नांव, गांव, कांहीं असं लिहीत. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून दिसते. आपल्याकडं मराठी साहित्य महामंडळानं नियम केले, सरकारनं मानले, शाळेच्या पुस्तकात आले, झालं. इंग्रजीला असा कोणी मालकच नाही, किती देशांची सही घ्याल?

कपाशीवाला, दारव्हा:
हे पटलं. मंग घरी पोट्ट्याले आधी सोपं स्पेलिंग शिकवून मागून खरं शिकवलं तं?

झेडपी मास्तर:
अजिबात नको. इंग्लंडातच १९६० च्या दशकात ४४ अक्षरांची शिकाऊ लिपी काही शाळांत आणली होती, पोरं वाचायला लवकर लागली पण नेहमीच्या स्पेलिंगवर येताना कित्येकांची पंचाईत झाली. त्यापेक्षा नाईफ, नी, नॉक, नो एका कागदावर एकाखाली एक लिहून द्या आणि के ला लाल गोल करायला लावा.

कपाशीवाला, दारव्हा:
शनिवारी डिक्टेशन हाय, आजच करतो. डब्ल्यू आर वाले पन असेच हायेत का?

झेडपी मास्तर:
हो. राईट, रिस्ट, राँग. तो डब्ल्यू पण आधी म्हणत होते.