मदत हवी आहे: वेल्डिंग एसपीएमचा बॉल स्क्रू झिजलाय, नुसता नट भरू की सगळंच बदलू?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमची लहान फॅब्रिकेशनची शेड आहे. ट्रॅक्टरच्या सीटखाली बसणारा चॅनेल आम्ही मिग वेल्डिंगच्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेलं स्पेशल पर्पज मशीन) करतो. टॉर्च वर पक्की, खाली टेबल सरकतं, टेबलावर फिक्स्चर. टेबलाला सर्व्हो मोटर, २५ मिमी व्यासाचा आणि १० मिमी लीडचा (एका फेऱ्यात टेबल १० मिमी सरकतं) बॉल स्क्रू, म्हणजे नटातल्या गोळ्यांवर फिरून टेबल ढकलणारा स्क्रू, शिवाय टेबल सरळ सरकवणाऱ्या २० साइजच्या दोन एलएम रेल आणि त्यांवर धावणारे चार ब्लॉक. स्ट्रोक ९०० मिमीचा असला तरी जॉब साडेतीनशेचा, त्यामुळे सात वर्षं टेबल मधल्याच पट्ट्यात येरझाऱ्या घालतंय.

तीन आठवडे झाले, बीड (वेल्डिंगची रेघ) बिघडलीय. जातानाचा रन ठीक येतो. परतीच्या रनला मध्यावर टेबल क्षणभर अडतं आणि हिसका देऊन सुटतं. अडलं तिथे धातूचा ढीग, सुटलं की पुढे बीड सुतळीएवढी. वायर तीच १.२ मिमीची, गॅस तोच ८०-२०, सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. फीडरचे रोल, लायनर, टिप बदलून पाहिलं, काही फरक नाही. काल आर्क न लावता टेबल नुसतंच फिरवलं आणि त्याच्या कडेवर हात ठेवला. मध्यावर येताच बोटांना वाळू भरडल्यासारखी कुरकुर लागते.

मेन्टेनन्सचे दादा म्हणतात, नटात किंचित मोठे बॉल टाकू, दोन तासांत काम होईल. पार्ट विकणारे म्हणतात स्क्रू, नट, बेअरिंग, रेल, ब्लॉक सगळं बदला. मशीन एकच, शिफ्ट दोन, बंद ठेवायला फार तर रविवार-सोमवार. पैसे घालायची तयारी आहे, पण चुकीच्या पार्टवर घालवून पुन्हा तीच बीड आली तर माल परत येईल, आणि हे गिऱ्हाईक मला गमवायचं नाही. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद: टूलरूमवाला, सातपूर

दादा, आत्ता काहीच खोलू नका. आधी प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते डायलने (मिमीचे शतांश दाखवणारं काट्याचं मापक) शोधा.

सर्व्हो ऑन ठेवून टेबल लॉक करा, डायल टेबलाला लावा आणि पहारीने टेबल स्क्रूच्या दिशेने मागेपुढे ढकला. हे मध्यावर करा आणि दोन्ही टोकांनाही करा. मग स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात ग्रीस लावून एक स्टीलची गोळी चिकटवा, डायलची सपाट टिप त्या गोळीवर टेकवा आणि पुन्हा ढकला. इथे काटा हलला तर अख्खा स्क्रूच पुढेमागे होतोय, म्हणजे सपोर्ट बेअरिंग गेलं. तो आकडा टेबलाच्या आकड्यातून वजा केला की उरतो नट-स्क्रूचा प्ले. कपलिंगचे बोल्टही एकदा आवळून बघा.

मोठे बॉल टाकायचा उपाय स्क्रू सगळीकडे सारखा झिजला असेल तरच चालतो. तुमचा मध्येच झिजला असणार. मध्यावर बरोबर बसणारा बॉल टोकांना जाम होईल.

प्रतिसाद: शिरोली एमआयडीसी

एक विचारतो, अर्थ केबल (वेल्डिंगचा करंट परत नेणारी) कुठे लावलीय? बेडला असेल तर तुमचा वेल्डिंगचा करंट फिक्स्चरमधून परत येताना ब्लॉक, नट आणि बेअरिंगच्या बॉलमधूनच जातो. आमच्याकडे असंच व्हायचं. नवीन बेअरिंग वर्षभरात खरखरायला लागायचं आणि आम्ही ग्रीसला दोष देत बसायचो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारच्या सुट्टीत मोजलं. टेबलाचा प्ले मध्यावर ०.४२ मिमी, टोकांना ०.१५. गोळीवरचा डायल ०.१३ दाखवतो. म्हणजे नट-स्क्रूचा टोकांना फक्त ०.०२ आणि मध्यावर ०.२९. स्क्रूच गेलाय, बेअरिंगही गेलंय.

आणि हो, अर्थ केबल बेडलाच आहे. मशीन आलं तेव्हापासून. सात वर्षांत हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद: टूलरूमवाला, सातपूर

मग निर्णय सोपा आहे. स्क्रू आणि नट जोडीनेच घ्या. वेल्डिंगला रोल्ड सी७ ग्रेड (अचूकतेचा दर्जा) पुरे, त्यात ३०० मिमीला ०.०५ मिमीची चूक धरलेली असते. ग्राइंड केलेल्या स्क्रूवर पैसे घालू नका. स्क्रूच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (स्क्रूच्या दिशेचा जोर झेलणारी) मॅच केलेली जोडीच घ्या, दोन सुटी उचलून आणू नका.

रेलचा निर्णय स्क्रू सोडवल्यावर घ्या. टेबल हाताने पूर्ण स्ट्रोक सरकवा. गुळगुळीत सरकलं तर रेल राहू द्या. मध्यावर कुरकुरलं तर रेल आणि ब्लॉक दोन्ही, कारण खड्डे पडलेल्या रेलवर नवे ब्लॉक महिन्या-दोन महिन्यांत तसेच होतील. ब्लॉक काढताना प्लॅस्टिकची डमी रेल टोकाला भिडवून त्यावर सरकवा, नाहीतर बॉल शेडभर वेचावे लागतील. नव्या नटालाही त्याच्या स्लीव्हवरूनच स्क्रूवर चढवा.

रेल बदलल्यात तर आधी मास्टर रेल (जिच्यावरून दुसरी जुळवायची ती) बेडच्या खांद्याला दाबून घट्ट करा, मग तिच्या ब्लॉकवर डायल बांधून दुसरी रेल एकेक बोल्ट बघत आवळा. एम५ चे बोल्ट आहेत, सुमारे ९ न्यूटन-मीटर. नटाचा ब्रॅकेट शेवटी. बोल्ट ढिले ठेवून टेबल फिक्स बेअरिंगकडे (स्क्रू जिथे पक्का धरलाय त्या टोकाकडे) न्या, तिथे आवळा, मग दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. जड गेलं तर परत सोडा, ताकद लावू नका. ग्रीस साधं लिथियम दोन नंबर, ग्राफाइटवालं नको.

धागाकर्ता

रविवारी खोललं. बेअरिंगच्या धावेवर मोहरीएवढे करडे डाग, एकसारखे, ओळीने. दोन्ही रेलवर मध्यावर नखाला लागतील असे खड्डे. रेल आणि ब्लॉकही मागवलेत. तोवर अर्थ केबल थेट फिक्स्चरला आणली, लवचिक तांब्याची, केबल चेनमधून. फिक्स्चर आणि टेबल यांच्यामध्ये बेकेलाइटची प्लेट घालतोय. बोल्टला इन्सुलेटेड बुश लागतील ना? आणि डॉवेल पिनचं (फिक्स्चर जागच्या जागी बसवणारी पिन) काय करायचं, तेवढं सांगा. स्क्रू शनिवारी येतोय.

प्रतिसाद: शिरोली एमआयडीसी

बुश हवेतच, वॉशरही बेकेलाइटचे. स्टीलची डॉवेल ठेवलीत तर करंट तिथूनच जाईल. तिलाही इन्सुलेटेड बुश करून घ्या. हवेच्या पाइपचे मेटल फिटिंग टेबलाला टेकत नाहीत ना तेही बघा. सगळं बांधून झालं की वेल्डिंगची केबल सोडा आणि फिक्स्चर ते बेड मल्टिमीटरने तपासा. बीप वाजता कामा नये.