शब्दचर्चा : जोहार

प्रश्न : द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर भाषणाची सुरुवात ‘जोहार! नमस्कार!’ अशी केली. हा जोहार आणि आपला ‘जोहार मायबाप’ एकच का? की राजपूत स्त्रियांच्या जोहाराशी काही नातं?

– राजपूत स्त्रियांचा सामूहिक अग्निप्रवेश, तो जौहर. मराठीत त्यालाही जोहार म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. इथे संबंध नाही.

– हा अभिवादनाचाच शब्द. हिंदीतला जुहार. मराठीत मात्र त्याला जात चिकटली. महारांनी वरच्या जातींना करायचा तो जोहार. समोरून जोहार परत यायचा नाही. ‘जोहार मायबाप जोहार’ म्हणणारे चोखोबा पुढे म्हणतात, ‘बहु भुकेला जाहलो। तुमच्या उष्ट्यासाठी आलो॥’ (मैफलीत या अभंगाला टाळ्या पडतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं.) कोणी काय म्हणायचं तेही ठरलेलं. ‘नमस्कार’ ब्राह्मणांचा मानला जाई. १७७९ मध्ये पुण्याच्या पेशवे दरबाराच्या सांगण्यावरून कंपनी सरकारने मुंबईतल्या सोनारांना ‘नमस्कार’ म्हणायला बंदी केली होती! आंबेडकरी चळवळीने जोहार टाकला तो याच्यासाठी. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च येतं.

संताळ आदिवासींचा जोहार तसा नाही. झारखंड-ओडिशात तो कुणीही कुणालाही करतो. मुर्मू मयूरभंजच्या संताळ. एकेकाळी जातीजातींत वाटून दिलेले हे दोन शब्द संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये एका दमात उच्चारले गेले, याचं मला फार अप्रूप वाटलं.

– पालघरकडच्या आदिवासींतही जोहार आहे. अप्रूप मान्य, पण भरून येणं जरा जपून. के. आर. नारायणन १९९७ मध्ये पहिले दलित राष्ट्रपती झाले, प्रतिभाताई २००७ मध्ये पहिल्या महिला राष्ट्रपती. तेव्हाही आपण असेच हरखलो होतो. त्याच भाषणात मुर्मूंनी सांगितलं, की गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी त्या होत्या. त्यांचा जन्म १९५८ चा. म्हणजे घटना लागू होऊन पंचवीसएक वर्षं होत आली तरी त्या गावातली एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती. मी त्या वाक्यापाशीच अडकतो.

प्रश्नकर्ती : पटलं. मग वारली मैत्रिणीला मी जोहार म्हणू का?

– ती म्हणत असेल तर खुशाल म्हणा. चोखोबांच्या मंगळवेढ्याकडच्या एखाद्या बौद्ध आजोबांना मात्र चुकूनही नको. तिथे जय भीम.