टोयोटा ८६: दोनशे हॉर्सपॉवर पुरेत, वजन तेवढं वाढवू नका

घाटमाथा (सॅन होजे, कॅलिफोर्निया), डिसेंबर २०११

दोन वर्षं जिची वाट पाहतोय तिचे खरे आकडे एकदाचे आले. २००९ च्या टोकियो मोटर शोमध्ये टोयोटाने एफटी-८६ नावाची लाल गाडी मांडली, तेव्हापासून मी तिच्या मागावर आहे. मध्ये मंदी, मग यंदाचा मार्चमधला जपानचा भूकंप. ही गाडी आता निघत नाही असं मला दोनदा वाटून गेलं. पण २७ नोव्हेंबरला टोयोटा ८६ जाहीर झाली. तीच गाडी सुबारू 'बीआरझेड' म्हणून विकणार आहे आणि इकडे अमेरिकेत ती टोयोटाच्याच सायन ब्रँडखाली 'सायन एफआर-एस' या नावाने येणार.

१९९८ सीसीचं बॉक्सर (आडव्या सिलिंडरांचं) इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही. ७००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २०० हॉर्सपॉवर, ६६०० ला २०५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. सहा गिअर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. वजन साधारण १२२० किलो. किंमत अजून सांगितलेली नाही.

आकडे आल्यापासून जो तो एकच बोलतोय: फक्त दोनशे? मला मात्र हाच आकडा बघून आनंद झाला. सोळा-अठराशे किलोच्या गाड्यांना चारशे हॉर्सपॉवर लावून त्यांना स्पोर्ट्स कार म्हणायची सवय लागली आहे. रस्त्यावर त्यातली निम्मी ताकदसुद्धा वापरता येत नाही.

मी गाडी शिकलो ती वडिलांच्या पद्मिनीवर. गिअरचा दांडा स्टेअरिंगला, इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. जुलैत महाडहून भोरला येताना वरंधा घाटात एका डाव्या वळणावर मागची चाकं उजवीकडे सरकली. बाबा शेजारी बसले होते. ते ओरडले नाहीत. "ब्रेकला हात लावू नकोस, स्टेअरिंग सरकतंय तिकडे वळव," एवढंच म्हणाले. गाडी सरळ झाली. गाडीचं वजन कुठून कुठे जातं ते मला त्या दिवशी बुडाखाली कळलं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या पंधरा वर्षं चालवल्या, पण ते पुन्हा कधी जाणवलं नाही. ८६ कडून मला तेवढंच हवंय. मी पहिल्या वर्षातलीच घेणार. तुमचं काय मत?

टॉर्कवाला (डेट्रॉइट)

घाटमाथा, आठवण छान लिहिलीत, पण आठवणीसाठी अंदाजे पंचवीस हजार डॉलर मोजायचे का हा माझा प्रश्न आहे.

तुम्ही हॉर्सपॉवर मोजता, मी टॉर्क बघतो. २०५ न्यूटन मीटर, आणि तोही ६६०० आरपीएमला! ऑफिसला जाता-येता इंजिन दोन ते तीन हजारांत फिरतं. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयलाही २०० च हॉर्सपॉवर आहेत, पण तिचं टर्बो इंजिन १८०० पासूनच २८० न्यूटन मीटर देतं. हायवेवर ट्रकच्या पुढे जायचं असेल तर ८६ मध्ये दोन गिअर खाली टाकावे लागतील. जीटीआयमध्ये नुसता पाय दाबायचा.

आणि मागच्या चाकांचीच हौस असेल तर फोर्डची मस्टँग व्ही६ आहे की. ३०५ हॉर्सपॉवर, किंमत बावीस हजारांच्या थोडी पुढे सुरू होते. शोरूममध्ये आज उभी आहे. वजन जास्त, मान्य, पण वजनाच्या मानाने ताकद काढा: मस्टँगला टनामागे १९५ च्या आसपास, ८६ ला १६४. मग हलकेपणाचा फायदा गेला कुठे?

वर टायर बघा. २१५ रुंदीचे, प्रियसला (टोयोटाच्या पेट्रोल वाचवणाऱ्या हायब्रिडला) मिळतात त्याच जातीचे मिशलिन. टोयोटाने पैसे वाचवले आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणून विकतेय, असं माझं स्पष्ट मत आहे. एक टर्बो लावला असता तर मीच पहिला रांगेत उभा राहिलो असतो.

नागोयाकर

गेल्या आठवड्यात टोकियोला बिग साइटवर मोटर शोला जाऊन दोन्ही गाड्या बघून आलो, त्यात बसलोही. फोटोवरून कळत नाही इतकी गाडी खाली आहे. दार उघडून बसलं की आपलं बूड जमिनीजवळ जातं, आणि तरीही बॉनेट नजरेच्या खालीच राहतं. दोन्ही बाजूंच्या मडगार्डचे उंचवटे मात्र दिसतात, त्यामुळे पुढची चाकं नेमकी कुठे आहेत ते समजतं. हे सगळं त्या बॉक्सर इंजिनामुळे. सिलिंडर उभे नाहीत, दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले.

सुबारूच्या नेहमीच्या गाड्यांतही हेच आडवं इंजिन असतं, पण त्यांत ताकद चारही चाकांना जाते. पुढच्या चाकांना जाणारे शाफ्ट सांभाळायचे म्हणून इंजिन पुढे टांगलेलं राहतं. इथे ते शाफ्टच नाहीत. मग इंजिन मागे सरकवलं आणि खालीही बसवलं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिलिमीटरवर आहे, वजनाची वाटणी पुढे ५३ टक्के, मागे ४७.

टर्बोबद्दल, टॉर्कवाला. टर्बो म्हणजे नुसता पंखा नव्हे. त्याच्यासोबत इंटरकूलर येतो, नळ्या येतात, वाढलेला टॉर्क पेलायला जाड गिअरबॉक्स येतो, मोठे ब्रेक येतात. त्या बॉनेटखाली जागा कुठे आहे? शंभर किलो चढले की ती वेगळीच गाडी झाली. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी टर्बो, चारही चाकांना ताकद आणि रुंद चिकट टायर हे तिन्ही ठरवून बाहेर ठेवले आहेत. पैसेच वाचवायचे असते तर बाराशे किलोच्या गाडीसाठी नवं इंजिन कुणी बनवलं नसतं. सिलिंडरचा व्यास ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिमी, लिटरमागे शंभर हॉर्सपॉवर आणि तेही टर्बोशिवाय. सुबारूच्या इंजिनावर टोयोटाची दुहेरी इंजेक्शन पद्धत (इंधन दोन ठिकाणी फवारणारी) बसवली आहे.

किमतीची धास्ती मात्र मलाही आहे. गाडी गुन्मा प्रांतात ओता इथल्या सुबारूच्या कारखान्यात बनणार, म्हणजे सगळा खर्च येनमध्ये. सध्या डॉलरला जेमतेम ७८ येन मिळतात. तुमचे पंचवीस हजार डॉलर म्हणजे इकडे साडेएकोणीस लाख येन. तेवढ्यात ते ही गाडी अमेरिकेला कशी पोचवणार हे मला कळत नाही.

म्युनिकची सून

मी वेगळ्या बाजूने विरोध करते. माझ्याकडे माझदाची एमएक्स-५ आहे, १.८ लिटरची, १२६ हॉर्सपॉवर, वजन अकराशे किलोच्या आसपास. आल्प्समधल्या खिंडी तिच्यावर सहा वर्षं फिरतेय. कमी ताकदीत मजा येते हे मला कुणी पटवून द्यायला नको.

पण १२२० किलोला तुम्ही सगळे "हलकी" कशाला म्हणताय? जिच्या नावावरून हे ८६ आलं ती एई८६, १९८३ ची कोरोला लेविन आणि स्प्रिंटर त्रुएनो, साधारण ९४० किलोची होती. १९८९ ची पहिली एमएक्स-५ सुद्धा त्याच वजनाच्या घरातली. लोटस एलिस आजही नऊशेच्या आसपास आहे, आणि तिच्यात इंजिन टोयोटाचंच आहे. म्हणजे टोयोटाला हे माहीत आहे. जुन्या नावाचा हक्क सांगायचा तर दोनशे ऐंशी किलो जास्त कसे चालतात? माझ्या मते ताकद दीडशेच ठेवून वजन हजारावर आणायला हवं होतं.

बोअरस्ट्रोक (पुणे)

एलिस अमेरिकेत यंदा बंद झाली, ती का ते बघा. एअरबॅगच्या नियमातून मिळालेली सूट संपली. एई८६ आज बनवून विकायची परवानगी कुठेच मिळणार नाही. बाजूने धडक बसली तर दार आत यायला नको, सहा एअरबॅग हव्यात, पायी चालणाऱ्याला बॉनेटचा मार कमी लागायला हवा. यातली प्रत्येक गोष्ट पोलादात मोजली जाते. स्टीलची बॉडी, चार सीट आणि आजचे नियम धरून १२२० किलोवर थांबणं सोपं नाही. मी गाड्यांच्या चाचण्यांतच काम करतो, वीस किलो कमी करायला किती महिने जातात ते रोज बघतो.

टॉर्कवाला यांच्या टनामागच्या हिशेबाकडे येतो. तो हिशेब सरळ रस्त्याचा आहे. तिथे मस्टँग जिंकेल, वाद नाही. वळणात इंजिनाची ताकद विचारात येत नाही, टायरवर किती भार पडतो ते येतं. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, वेग ताशी ५४ किमी. १२२० किलोच्या गाडीला वळणात धरून ठेवायला टायरांनी सुमारे ९१५० न्यूटन जोर लावावा लागतो. १५७० किलोच्या मस्टँगला सुमारे ११,८००. टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे जड गाडी रुंद टायर मागते, रुंद टायर जड चाकं मागतात, चाकं जड झाली की सस्पेन्शन जड. ही साखळी सुरू होऊ द्यायची नाही, एवढाच ८६ चा मुद्दा आहे. ब्रेकचंही तेच. दोन गाड्यांतला ३५० किलोंचा फरक म्हणजे मस्टँगमध्ये पाच माणसं कायमची बसलेली.

शिवाय मस्टँगला मागे अजून अखंड ॲक्सल आहे. वळणाच्या मध्यावर एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्या चाकालाही धक्का पोचतो. ८६ ला मागे डबल विशबोन आहे (दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात) आणि टॉर्सेन डिफरन्शियल (पकड असलेल्या चाकाकडे जास्त ताकद पाठवणारं). अरुंद टायर मला तर आवडले. पकड लवकर सुटते, पण हळूहळू आणि कमी वेगात सुटते. शिकणाऱ्या माणसाला सावरायला वेळ मिळतो.

टॉर्कवाला

अखंड ॲक्सलचा मुद्दा मान्य. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यानंतर पडलेले खड्डे मी रोज खातो, तो धक्का मला ठाऊक आहे.

पण तुम्ही सगळे घाट आणि खिंडी धरून बोलताय. माझ्या घरापासून दोनशे मैलांत घाट नाही, सरळ रस्ते आणि चार महिने बर्फ. असे आमच्यासारखे खूप लोक आहेत. गाडी आमच्यासाठी बनवली नाही असं म्हणा, मला चालेल. मग ती दोन वर्षांत बंद पडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. निसानची सिल्व्हिया २००२ मध्ये गेली, टोयोटाचीच एमआर२ २००७ मध्ये, होंडाची एस२००० ही २००९ मध्ये, माझदाची आरएक्स-८ आता जातेय. या सगळ्या चालवायला उत्तमच होत्या. लोकांनी स्तुती केली, पण विकत घेतल्या नाहीत. एस२००० तर ह्याच विचाराची होती, दोन लिटर, टर्बो नाही, मागची चाकं. तिची ताकद ८६ पेक्षा जास्त, तरी ती टिकली नाही. ८६ वेगळं काय करणार?

नागोयाकर

एस२००० ला दोनच सीट होत्या आणि किंमत तीस हजार डॉलरच्या वर गेली होती. ८६ ला चार आहेत, मागच्या लहान असल्या तरी. आणि खर्च दोन कंपन्यांत विभागलेला आहे. २००५ मध्ये टोयोटाने सुबारूच्या कंपनीचे ८.७ टक्के शेअर घेतले, २००८ मध्ये ते वाढवून साडेसोळापर्यंत नेले आणि तेव्हाच ही गाडी एकत्र करायचं ठरलं. एकट्या टोयोटाने ती काढली नसती. शिवाय २००९ पासून अध्यक्ष असलेले अकिओ तोयोदा स्वतः जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडी चालवतात. कंपनीत वर असा माणूस याआधी नव्हता. बंद न पडण्याची हमी मी देत नाही, पण या वेळी कारणं बरी आहेत.

कुर्ला फियाट (मुंबई)

हे सगळं वाचून जीव कासावीस होतो. आपल्याकडे गाडी येणार नाही. आलीच तर आयातीचे कर लागून किंमत साधारण दुप्पट होईल. स्टेअरिंग जपानमध्येही उजवीकडेच असतं, तेवढी अडचणसुद्धा नाही.

पद्मिनी आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती, म्हणून हे सांगावंसं वाटतं. १९८३ साली टोयोटाने कोरोलाची बाकीची मॉडेलं पुढच्या चाकांवर नेली आणि फक्त त्या एका कूपेला, एई८६ ला, मागची चाकं ठेवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे मारुती ८०० आली, तीही पुढच्या चाकांची. ती हलकी, स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी होती, आणि तिने पद्मिनीला हरवलं हे योग्यच झालं. पण जपानने एक कूपे शिल्लक ठेवली होती, आपण नाही. आज इथे मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त गाडी मागितली तर ओम्नी, सुमो किंवा बोलेरो दाखवतात.

दोन लेकरांचा बाबा (न्यू जर्सी)

मागच्या सीटवर आठ वर्षांचं मूल बसेल का, एवढंच कुणी सांगा.

नागोयाकर

पुढचा माणूस बुटका असेल तर बसेल, पण तासाभराच्या पुढे नाही. मागची पाठ आडवी केली की चार सुटी चाकं मात्र मावतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी ती जागा मोजूनच ठेवली आहे.

घाटमाथा

टॉर्कवाला, तुमचा एक मुद्दा मी खोडून काढू शकत नाही: ६६०० आरपीएम. ट्रॅफिकमध्ये ही गाडी सुस्त वाटेल, आणि मी रोज ट्रॅफिकमध्येच असतो. बायकोनेही हेच विचारलं. पण घरी एक कॅमरी आहे, ऑफिसला ती जाईल. आणि ऑटोमॅटिकही मिळणार असली तरी मी सहा गिअरचीच घेणार. खालचा गिअर टाकावा लागणं हे मला काम वाटत नाही.

म्युनिकच्या ताई, हजार किलोची गाडी कुणी काढली तर मी ती आधी घेईन. आज ती बाजारात नाही.

किंमत सव्वीस हजारांच्या आत राहिली तर डीलरकडे पैसे भरतो. वर गेली तर वर्षभर थांबेन. इथून अर्ध्या तासावर डोंगरमाथ्याने जाणारा स्कायलाइन बुलेव्हार्ड आहे, रेडवूडच्या झाडांतून, सकाळी धुक्याने ओला असतो. मेमध्ये बाबा येणार आहेत. ते आता बहात्तर वर्षांचे आहेत, ताशी चाळीस मैलांच्या वर गाडी चालवत नाहीत. त्यांना चालवायला देईन आणि मी शेजारी बसेन.

टॉर्कवाला

जूनमध्ये कामानिमित्त तिकडे येणार आहे. तेव्हा गाडी आलेली असेल तर मलाही एक फेरी द्या. तोपर्यंत माझं मत टर्बोच्याच बाजूने.