जेनेटिक काउन्सेलिंगचं एमएस्सी: शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे, मदत हवी

सई_ठाणे
नमस्कार. जेनेटिक काउन्सेलिंगमध्येच (म्हणजे आनुवंशिक आजारांचा धोका आणि तपासण्या कुटुंबांना समजावून सांगण्याचं काम) करिअर करायचं हे पक्कं आहे, तेव्हा 'दुसरं काही बघ' असं कृपया सांगू नका. एका ठिकाणी सीट मिळाली आहे, शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता मागतायत. दुसरीकडची यादी अजून लागलेली नाही. भरू की थांबू? या क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज लवकर सांगा.

मंदार_वाशी
कसली सीट, कुठे? दोन वर्षांचं एमएस्सी की सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा? ग्रॅज्युएशन कशात झालंय? एवढं तरी लिहा, नाहीतर काय सांगणार?

जोशीकाकू
सई, नीटची तयारी करून एमबीबीएसच का नाही करत? पुढे डीएम मेडिकल जेनेटिक्स करता येतं. डॉक्टरच्या शब्दाला वजन असतं गं.

मंदार_वाशी
काकू, तिने वरच लिहिलंय की ठरलं आहे. शिवाय डीएमला आधी एमबीबीएस, मग एमडी, मग आणखी तीन वर्षं. ते निदान करणाऱ्या डॉक्टरांचं काम. ही विचारतेय ते वेगळं.

निखिल_बॉस्टन
माझा सल्ला: थांब आणि अमेरिकेसाठी अर्ज कर. सारा लॉरेन्स कॉलेजने १९६९मध्ये पहिला कोर्स काढला, त्यामुळे इथे हा व्यवसाय रुजलेला आहे. दोन वर्षांचं मास्टर्स, मग बोर्डाची परीक्षा. जागा थोड्या, आणि प्रवेश 'मॅच'ने होतो: तू कोर्सेसना क्रम देतेस, ते तुला देतात. मार्कांइतकाच समुपदेशनाचा अनुभवही बघतात. एखाद्या हेल्पलाइनवर आत्तापासून काम सुरू कर.

लॅबवाला_सुमित
निखिल, फीचा आकडा पण सांग ना तिला. आणि व्हिसाचं काय? सई, मी सांगतो ते ऐक. मुंबईतच एमएस्सी लाइफ सायन्सेस कर, एनजीएसचा, म्हणजे डीएनए वाचायच्या नव्या तंत्राचा, डेटा वाचायला शीक. नोकऱ्या डायग्नॉस्टिक कंपन्यांत आहेत, हॉस्पिटलांत मोजक्याच.

सई_ठाणे
सॉरी, घाईत राहिलं. बीएस्सी बायोटेक, यंदाच झालं. मिळालेली सीट दक्षिणेत, दोन वर्षांचं एमएस्सी जेनेटिक काउन्सेलिंग, हॉस्टेल धरून खर्च बराच. दुसरं म्हणजे सुमित म्हणतायत तेच, मुंबईत एमएस्सी लाइफ सायन्सेस. बाबांना ते हवंय, घरून ये-जा होईल. अमेरिका शक्य नाही.

मेधा_नेरूळ
मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या ओपीडीत उल्हासनगरचं जोडपं येतं. सिंधी समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक जास्त, आणि हे दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक. बाई अकराव्या आठवड्यात. दर खेपेला बाळाला मेजर, म्हणजे गंभीर आजार, असण्याची शक्यता २५ टक्के, हे सांगायला मिनिट लागतं. पण पहिलं मूल मेजर आहे म्हणजे 'आता पुढची तीन चांगली होतील' असं सासूबाई धरून बसलेल्या असतात. प्रत्येक गरोदरपणी हिशेब नव्याने सुरू होतो हे त्यांना न दुखावता समजावणं, तपासणी करायची की नाही हे त्या बाईला स्वतःला ठरवता यावं इतकी जागा करून देणं, यात तास जातो. दुसरीकडे तिशीतली मुलगी बीआरसीएचा (स्तन आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी संबंधित जनुकांचा) रिपोर्ट घेऊन येते. त्यात लिहिलेलं असतं 'अर्थ अनिश्चित असलेला बदल', आणि ती विचारते, ओव्हरी काढून टाकू का? नुसत्या तशा बदलावर ऑपरेशनचा निर्णय घेत नाहीत. तीन पिढ्यांची वंशावळ काढायला बसलं की 'आत्या पोटाच्या दुखण्याने गेली' एवढंच कळतं, मग जुने कागद मागवायचे.

हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच येतं. म्हणून त्या कॉलेजला उद्याच फोन करून विचार: ओपीडी कितव्या सेमिस्टरपासून? किती कुटुंबं मी स्वतः हाताळणार, आणि तेव्हा खोलीत कोण असणार? प्रसूतिपूर्व, लहान मुलं आणि कॅन्सर, तिन्ही मिळणार का? पूर्ण वेळ मेडिकल जेनेटिसिस्ट आहेत का? आधीच्या बॅचची मुलं कुठे आहेत? बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग, इंडियाच्या प्रमाणपत्राला हा कोर्स चालतो का? उत्तरं गुळमुळीत आली तर भरू नकोस.

लॅबवाला_सुमित
मेधाताई, सगळं मान्य, पण पगार?

मेधा_नेरूळ
सुरुवातीला कमी असतो, खरं आहे. पण तुमच्याच कंपन्या तपासणीआधी आणि नंतर पेशंटशी बोलायला काउन्सेलर ठेवतात ना? तिथे ओपीडी केलेली मुलगी आणि न केलेली यांतला फरक लगेच दिसतो.

रणजित_घोडबंदर
विषय निघालाच आहे म्हणून. चुलतभावाचं त्याच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. आमच्यात चालतं. मुलांना धोका किती?

जोशीकाकू
म्हणूनच पूर्वी गोत्र बघत.

मेधा_नेरूळ
काकू, गोत्र वडिलांकडून येतं, मामेबहिणीचं वेगळंच निघेल. रणजित, कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते, सख्ख्या मामेभावंडांत साधारण तेवढीच आणखी भर पडते. घराण्यात आधीच काही आजार असेल तर गणित बदलतं. लग्नाआधी दोघांनी एकदा भेटून घ्यावं.

मंदार_वाशी
रणजित, वेगळा धागा काढा. सई, भरलेली फी प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळते, ते लेखी घे. फोनवरच्या शब्दावर जाऊ नकोस.

सई_ठाणे
मेधाताई, मनापासून आभार. आज फोन केला. दुसऱ्या सेमिस्टरपासून ओपीडी, लॉगबुक सक्तीचं, जेनेटिसिस्ट पूर्ण वेळ. बोर्डाचं विचारल्यावर आधीच्या बॅचमधल्या एका ताईचा नंबर दिला, ती हो म्हणाली. कॅन्सरसाठी मात्र एकच महिना आहे. फी परतीचं ईमेलवर मागितलंय. ते आलं की भरते. बाबांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, ते आता 'नको' म्हणत नाहीयेत. पुढे स्वतःचं सेंटर काढता येतं का?

मेधा_नेरूळ
गर्भाशी संबंधित काउन्सेलिंग करायचं तर १९९४च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदणी लागते, आणि गर्भाचं लिंग खुणेनेसुद्धा सांगायचं नाही. पण ते खूप पुढचं. कॅन्सरचा महिना कमीच आहे. खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, कॅन्सर जेनेटिक्सचं मोठं काम चालतं, सुट्टीत काही शिकायला मिळेल का ते आत्तापासून विचारून ठेव.

डॉ_पल्लवी_कळवा
बीएएमएस झालेल्यांना या कोर्सला घेतात का?